अप्पन फिरतीवर आहे

कुंदनच्या जिभेला एक खोड होती. काम त्याने एकट्याने उरकलेलं असो, नाहीतर कमरेवर हात ठेवून नुसतं बघितलेलं असो, तोंडातून एकच निघायचं, "आपण करून टाकलं."

पण त्याला एकट्याला कशाला नावं ठेवा? दोंडाईच्याच्या त्या मसाल्याच्या कारखान्यात सगळ्यांचंच तसं. "मी केलं" म्हणणारा तिथे शिष्ट ठरायचा. सुपरवायझर झुलालभाऊ तर कामाला बोट न लावता, सगळं त्यांनीच केल्यासारखी छाती काढून अहिराणीत सांगायचे, "बठ्ठं आपन करी टाकं!"

मग कोइमतूरहून सेल्वी मॅडम मॅनेजर म्हणून आल्या. त्यांच्या रीतीत प्रत्येक कामाला एक धनी लागायचा. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "चक्कीचा पट्टा कोण बदलला?"

"आपण," कुंदन म्हणाला. तो त्याने एकट्यानेच बदलला होता.

"ट्रक कोण भरला?"

"आपण," झुलालभाऊ म्हणाले. तोही कुंदननेच भरून घेतला होता.

मीटिंग संपल्यावर मॅडमनी कुंदनला थांबवलं. चेहरा असा फुललेला, जणू माहेरचं कुणी भेटलंय. "कुंदन, हे अप्पन कुठे बसतात? आमच्या तमिळमध्ये असतं असं नाव. आमच्याकडचे आहेत ना?"

आता शहाण्या माणसाने तिथल्या तिथे खुलासा केला असता. पण कुंदनच्या अंगात किडे! चेहरा गंभीर करून तो म्हणाला, "अप्पन ना? तो फिरतीवर असतो, मॅडम."

झालं! अख्ख्या कारखान्याला खेळणं मिळालं. लॅबमधली डिंपल सांगायची, अप्पनला ताप आलाय. झुलालभाऊ सांगायचे, अप्पन पिंपळनेरला गेलाय, मिरची बघायला. सुरतेला जाणाऱ्या तिखटाच्या डब्यांवर कुंदनने हळदीची लेबलं चिकटवली, तेव्हाही सगळे हळहळले, "अप्पनच्या हातून चूक झाली हो." मॅडम बिचाऱ्या अप्पनसाठी घरून मुरुक्कू करून आणायच्या, आपली चकलीच ती. ती कोण खायचं? आपण!

आणि मग कारखान्याच्या जळगावच्या गोडाऊनमध्ये नोकरीची एक जागा निघाली.

कुंदनचं घर जळगावात. बायको सपना तिथे, आणि चार महिन्यांची लेक तिथे. हा शनिवारी गाडीने जायचा, आणि पोरगी बापाला बघून भोकाड पसरायची. परका वाटायचा तिला. त्या रडण्याने कुंदनच्या काळजाला घरं पडायची. ही जागा त्याला हवी म्हणजे हवीच होती, आणि शिफारस मॅडम करणार होत्या.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "मी ठरवलं. सगळं काम ज्यांनी केलं, ते जातील जळगावला. मिस्टर अप्पन."

डिंपलने तोंडाला ओढणी लावली. कुंदनच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःच जन्माला घातलेला अप्पन त्याच्याच लेकीच्या पाळण्याशेजारी जाऊन बसणार होता!

"मॅडम, अप्पन म्हणजे... अप्पन नाहीये हो. आपण म्हणजे... आपणच."

"हो?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मागच्या महिन्यात घरमालकीण कमलबाई म्हणाल्या, चला, आपण जेवून घेऊ. मी दाराकडे बघितलं. म्हटलं, अप्पन आला जेवायला! तेव्हा समजलं."

महिनाभर! आणि मुरुक्कू तर परवापर्यंत येत होती. झुलालभाऊ छताकडे बघायला लागले.

"आमच्याकडे पण असतं हे," मॅडम म्हणाल्या. "तुमचं 'आपण', ते आम्ही तमिळमध्ये 'नाम्' म्हणतो. पण नंतर कोणी तरी नाव सांगतो. आता सांगा, पट्टा कोण बदलला? ट्रक कोण भरला? जळगावला कोण जाणार?"

कुंदनने तोंड उघडलं. सवय वाईट! "आपण जाऊ..."

"सगळे?"

"नाही! मी!" तो ओरडलाच. "मी बदलला पट्टा! मी भरला ट्रक! मी जाणार!" कान लालबुंद झाले त्याचे. अख्ख्या आयुष्यात इतके 'मी' त्याने एका दमात काढले नव्हते.

कुणीच त्याला शिष्ट म्हटलं नाही. झुलालभाऊंनीही मान डोलावली. "खरं शे, मॅडम. त्यानंच करं."

मॅडमनी कागदावर कुंदनचं नाव लिहिलं, सही केली, आणि पेनाला टोपण लावता लावता सहज विचारलं, "आणि सुरतेच्या डब्यांवर हळदीचं लेबल?"

"ते आपण, मॅडम," कुंदन पटकन म्हणाला.

सगळी खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. मॅडमही हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाल्या, "बरं. जळगावच्या आधी सुरतेला जाऊन ती लेबलं कोण बदलणार?"

त्या कारखान्यात पहिल्यांदाच सगळे एका सुरात, एका बोटाने, एकजुटीने बोलले, "तू!"