तिघांचा पेपर

त्या काळी डोंबिवलीत एकच पेपर तीन-तीन घरं वाचत. वर्गणी सारखी आणि पाळी ठरलेली: आधी तळमजल्यावरचे भाऊ, मग हेमा, शेवटी प्रमोदिनी. शेवटची पाळी प्रमोदिनीनेच हट्टाने मागून घेतली होती, कारण रद्दी शेवटच्या घराची. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागेल, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हतं. हेमाचा नवरा गुरुदत्तही त्याच कारखान्यातला. आता दोघे पुरुष गॅलरीत नुसते बसून असायचे आणि दोघी बायका पेपरात नोकरी शोधायच्या.

त्या दिवशी पेपर आला तो खिडकी पडलेला. 'पाहिजेत'च्या पानावर चौकोन कापलेला. प्रमोदिनीने शेजारचं दार वाजवलं.

"हेमा, काय कापलंस गं?"

"ढोकळ्याची कृती," हेमा म्हणाली. इस्त्रीची साडी नेसून ती चपला शोधत होती. "जरा बाजारात जाऊन येते."

प्रमोदिनी तडक भाऊंकडे गेली. भाऊ पेपरातलं अक्षरही सोडत नसत.

"टायपिस्ट पाहिजे होती. ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. आज चारपर्यंत प्रत्यक्ष भेटा म्हणे. का गं, तू नाही वाचलंस?"

ती अंगावरच्या साडीनिशीच स्टेशनकडे धावली. ठाण्याला उतरून उन्हातून विचारत विचारत फाटकाशी पोचली, तेव्हा रखवालदार साखळी ओढत होता.

"दादा, मला एकटीला तरी सोडा हो आत. पाया पडते."

"बाई, माणूस घेतलं. आता थांबून काय उपयोग?"

त्याच्या मागून हेमा बाहेर आली. हातात ते कात्रण.

"प्रमोदिनी! तू इथे?"

"ढोकळा फुगला का, बघायला आले."

हेमाचा चेहरा उतरला. "माझ्या घरी तरी कोण कमावतंय गं? आणि मला तरी कुठे मिळाली? इंग्रजी टायपिंगवाली घेतली त्यांनी." बोलून गेली आणि तिने हातातलं कात्रण चुरगाळलं. इंग्रजी टायपिंग प्रमोदिनीला येत होतं.

दोघी त्याच रस्त्याने, अंतर ठेवून परतल्या.

"उद्यापासून तो पेपर या घरात नको," प्रमोदिनीने नवऱ्याला बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर कडीला अडकवलेला होता, अख्खा. हेमाच्या दाराआड बांगड्या वाजल्या. तिच्या दारात भिरकावून द्यायचा म्हणून प्रमोदिनीने पेपर ओढून काढला आणि उंबऱ्यात उभ्या उभ्याच 'पाहिजेत'चं पान उघडलं.