मौनीचं पान

'पाच पहारेकरी' हे कॉमिक पुन्हा निघालं. वीस वर्षं बंद होतं, तेच बरं होतं.

नव्या पहिल्या अंकाचा कागद इतका गुळगुळीत की बोट घसरतं, आणि गोष्टही तशीच, मन कुठे अडकतच नाही. सेनानीला आता दाढी आहे. दाढी चिकटवली की माणूस गंभीर दिसतो, असं चित्रकाराला कुणीतरी सांगितलं असावं. ज्वाला आग विझवायला निघते, पण आधी चार चौकटी स्वतःच्या बालपणावर बोलते. तोवर गल्ली जळून खाक. पोलादी रडतो. रडू दे बिचारा, पण बत्तीस पानांत तीनदा? सावली तर नुसती कोपऱ्यात उभी राहून कपडे दाखवते. पूर्वरंग नाही, आख्यान नाही. पहिल्या पानावर झांजा सुरू होतात त्या शेवटच्या पानापर्यंत झांजाच.

आणि पाचवा, मौनी, बोलतो! दोनशे बारा अंकांत ज्याने तोंड उघडलं नाही, तो पहिल्याच पानावर प्रवचन झोडतो.

हे सगळं मी तीन कागदांवर लिहून काढलं होतं. आमच्या भागातल्या कॉमिकच्या दुकानात रीत आहे. नवी मालिका आली की शनिवारी दुपारी चाळीसेक लोक जमतात, त्यावर मी बोलतो, आणि मग ज्याला वर्षभर अंक हवेत तो वहीत नाव घालतो. तीस वर्षं मीच बोलतोय.

"जरा सांभाळून घ्या, बाइंडरसाहेब," दुकानदार म्हणाला होता. "तुम्ही नाक मुरडलंत की माझं फडताळ पडून राहतं."

"नाक मुरडायला निदान वास तरी यायला हवा," मी म्हणालो.

बाइंडरसाहेब म्हणजे मी पुस्तकं बांधतो. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वाचनालयाची खिळखिळी झालेली पुस्तकं. 'पहारेकरी'चे सगळे अंकही मीच, पंचवीस पंचवीसचे खंड करून, निळ्या कापडात बांधलेत.

शुक्रवारी दुपारी धाकटी बहीण आली. ती बसस्थानकावर घोषणा करते. दिवसभर माइकवर बोलून घसा बसला की माझ्याकडे चहाला येते. मी तिला स्टुलावर बसवलं आणि दाबयंत्राला टेकून भाषण वाचून दाखवलं. दाढीला ती हसली. पोलादीला हसली. मौनीपाशी आल्यावर म्हणाली, "एकदा बोललाय तो."

"कोण?"

"मौनी. सदतिसाव्या अंकात. पुलावर."

"अगं, पुलावरची लढाई दाखवलेलीच नाही! ते पुलावर पोचतात आणि पुढच्या पानावर थेट घरी. तीच तर गंमत. लेखकाने लढाई वाचकावर सोडली. मी त्यावर तासभर बोललोय दुकानात, दोनदा!"

ती चहा प्यायली. कप खाली ठेवला. "दादा, खंड काढ."

मी दुसरा खंड काढला. सदतिसावा अंक मधोमध उघडला. पिनांच्या भोवती कागदाचे दोन बारीक कपटे अडकलेले होते. अंकाच्या मधला एक कागदच गायब, म्हणजे चार पानं. त्या काळी पानांवर आकडे नसत, हे खरं. पण परक्याच्या प्रबंधातलं एक पान उलटं लागलं तर मी हाताच्या स्पर्शाने सांगतो. आणि हा अंक मी स्वतः शिवला, खळ लावली, दाबात ठेवला. लेखकाची प्रतिभा म्हणून मी आयुष्यभर एका भोकाची आरती करत होतो.

"कुणी काढला?"

"मी. आठ वर्षांची होते."

"का?"

"आपण आवाज काढून वाचायचो, आठवतंय? सेनानी तू, पोलादी तू, ज्वालासुद्धा तूच, बारीक आवाजात. मला काय द्यायचास? मौनी! 'तू लहान आहेस, तू मौनी.' सहा महिने मी गप्प बसून खेळले. मग तो बोलला. तू वाचायच्या आत मी तो कागद काढून घेतला."

"पण बोलायची वेळ तर तुझीच होती!"

"हो? त्याला वाचा फुटलेली कळली असती तर मौनीही तूच घेतला असतास."

मी ते दोन कपटे नखाने सरळ केले.

शनिवारी तिने तो कागद आणला. शाळेच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये जपलेला, घड्यांवर पिवळा पडलेला. दुकानात सदतिसावा अंक दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर माझा शब्द होता तिथेच राहिला असता. भाषणात दाढी झाली, रडणं झालं, लोक हसून खुर्च्यांवर लोळले. मौनी आला. मी माझे कागद खाली ठेवले.

"इथे मी चुकलो," मी म्हणालो, आणि भोकाची सगळी कथा सांगितली. सगळ्यात मोठ्याने दुकानदार हसला. मग मी बहिणीला पुढे बोलावलं. "ही वाचेल."

तिने स्थानकाच्या आवाजात वाचलं. "पुरे. आता माझं ऐका." चाळीस माणसं फलाटावर गाडी लागल्यासारखी सरसावून बसली.

मग तिने नवा अंक उचलला. "दादाचा राग चुकीचा आहे. मौनीने बोलायला काहीच हरकत नाही. पण तेव्हा तो छत्तीस अंक थांबला आणि चार शब्द बोलला. इथे पहिल्या पानावर काय म्हणतो? 'खरी ताकद आपल्या आत असते.' हे आमच्या स्थानकावरच्या वजनकाट्याच्या तिकिटावर छापलेलं असतं. वर वजनही कळतं."

माझ्या तीन कागदांत असं एक वाक्य नव्हतं.

"पुढच्या अंकावर कोण बोलणार?" दुकानदाराने वही उघडत विचारलं.

सवयीने माझं तोंड उघडलं.

"पुरे," ती म्हणाली.