मागे राहिलेल्या गोगलगायी

“चपला नंतर काढ, आधी इकडे ये!” सासूबाईंनी तिला दारातूनच हाताला धरून गॅलरीत नेलं. “बघ. आज सगळ्यांना आंघोळ घातली.”

गॅलरीत टब ओळीने मांडलेले होते. त्यांच्यावरचं काळं कापड धुऊन दोरीवर वाळत टाकलेलं होतं. पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता, आणि त्या तळावरून गोगलगायी निवांत सरकत होत्या. सगळ्यांच्या पाठी तपकिरी, लख्ख, एकसारख्या.

तिने खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून वाकून एक गोगलगाय उचलली. उलटसुलट करून पाहिली. ती ठेवून दुसरी उचलली.

“आई, यांच्या पाठीवर ठिपके होते.”

“ते नेलपॉलिशचे ना? काढले सगळे. आधी नखाने, मग ब्रशने. एकीलाही चरा पडू दिला नाही. कुणी रंगवलं होतं गं मुक्या जिवांना? तुझ्या शाळेतली कार्टी असणार.”

“आणि कुठली कुठल्या टबात होती?”

“टब घासायचे म्हणून सगळ्या एका बादलीत घेतल्या होत्या. मग दिल्या वाटून सारख्या. कुणाचं भांडण नको.” सासूबाई स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मग तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “दमलीस ना? बस, चहा टाकते.”

ती गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली. ओरडावं असं वाटायला हवं होतं, पण तिला फक्त झोप आली.

सासूबाईंचं आयुष्य इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्यात गेलं होतं. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवत. बरेच महिने त्या आपल्या लेकीकडे होत्या आणि परत येऊन आठवडाही झाला नव्हता. सुनेच्या गोगलगायी आहेत, एवढं त्यांना माहीत होतं. ठिपके सुनेनेच दिलेत, हे माहीत नव्हतं.

ती शाळेत वरच्या वर्गांना शास्त्र शिकवत होती. केस पिकायला लागले तोवर कुणी तिच्या पदवीबद्दल विचारलं नव्हतं. मग नियम आला, की एम.एस्सी. नसेल त्याला वरचे वर्ग मिळणार नाहीत, त्याने खाली लहान मुलांच्या विभागात जायचं. तिने जीवशास्त्राला नाव घातलं. दिवसा शाळा, संध्याकाळी कॉलेज, रविवारी घरातली कामं. बरोबरचे विद्यार्थी तिला मावशी म्हणत आणि तिच्याच वहीवरून टिपणं उतरवत. सगळे पेपर सुटले होते. राहिला होता तो प्रबंध, आणि त्यातलंही गोगलगायींचं शेवटचं एक वजन.

प्रबंधाचा प्रश्न तिनेच निवडला होता. गर्दीत वाढलेल्या काही गोगलगायी खुरटतात. त्यांना पुढे ऐसपैस जागा आणि पोटभर पाला मिळाला, तर त्या पुढे गेलेल्यांना गाठतात का? त्यासाठी प्रत्येक गोगलगाय वेगळी ओळखू यायला हवी. म्हणून पाठीवर ठिपके, लालापुढे निळा, निळ्यापुढे पांढरा, असे प्रत्येकीचे निराळे. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढलं, तेव्हा सरांनीच टब घरी न्यायला सांगितले होते.

नवरा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, हाताला कायम ग्रीसचा वास. तिने त्याला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात सांगितलं.

“तू आईला बजावलं नव्हतंस?”

“मला वाटलं, तुम्ही बजावलंत.”

“मला वाटलं, तू...” तो थांबला. नळाखाली हात धरून उभा राहिला. “पण तू तर रोज बघतेस त्यांना. चेहऱ्यावरून नाही का कळणार?”

“गोगलगायीच्या चेहऱ्यावरून?”

“मला काय माहीत! तुम्हा शिकलेल्यांना कळत असेल.”

“तुमच्या सगळ्या लिफ्टचे स्क्रू काढून एका डब्यात टाकले, तर कुठला कुठल्या लिफ्टचा सांगाल?”

तो नाही म्हणाला. मग टॉवेलला हात पुसत म्हणाला, “आईला काही बोलू नकोस हं. जीव लावून केलंय तिने.”

“जीव लावूनच केलंय हो,” ती म्हणाली. “अर्धवट केलं असतं तर निदान थोडे ठिपके उरले असते.”

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. सर या सत्राअखेर निवृत्त होणार होते. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधून ठेवले होते आणि बसायला म्हणून एकच खुर्ची मोकळी होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना हसू आवरेना.

“म्हणजे सासूबाईंनी मेकअप उतरवला म्हणा की! माफ करा मॅडम, हसू नये.” त्यांनी चष्मा पुसला. “वजनकाटा चालू आहे ना? मग घाबरता कशाला? शेवटचं वजन करा. सर्वांत जड निघेल ती मागच्या वेळची सर्वांत जड, त्याखालची ती त्याखालची. ओळीने लावत जा, आणि प्रबंध बांधून आणा. मी जायच्या आधी सही करतो.”

“पण सर, तसं असेलच असं...”

“गोगलगायी काही तक्रार घेऊन यायच्या नाहीत. तुमची शाळा मात्र जूनमध्ये कागद मागणार. मी गेल्यावर नव्या मार्गदर्शकाकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुमचं वय, तुमचा व्याप, मला दिसतोय ना.” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. तेही थकलेले होते आणि त्यांना तिचं बरं करून जायचं होतं.

रविवारी तिने वजनं केली. सासूबाई देवाघरी गेलेल्या माणसाच्या घरात बसावं तशा कोपऱ्यात गप्प बसून बघत होत्या. तिने एकेक गोगलगाय फडक्याने टिपून काट्यावर ठेवली आणि वजन मांडत गेली. मग मागच्या वेळची यादी शेजारी ठेवून, सरांनी सांगितलं तशा जोड्या लावू लागली.

निम्म्या जोड्या लावून झाल्यावर तिचा हात थांबला. मागच्या वेळी सर्वांत जड आणि सर्वांत हलकी यांच्यात केवढं अंतर होतं. आता ते उरलंच नव्हतं. आकडे एकमेकांना खेटून उभे होते. खुरटलेली म्हणावी अशी एकही राहिली नव्हती. कुणीतरी कुणाला तरी गाठलं होतं, कदाचित मागेही टाकलं होतं. पण कुणी, ते आता कळायला मार्ग नव्हता. आणि ती जे मांडत होती त्यात पहिली पहिलीच राहत होती, शेवटची शेवटचीच. जे शोधायचं, तेच ती आधी ठरवून टाकत होती.

तिने पेन्सिलीने लावलेल्या जोड्या खोडून टाकल्या.

“मी काहीतरी घोळ घातलाय,” कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. “घरात चार दिवस कुणी माझ्याशी धड बोलत नाही. पोरगा तर मला भाजीसुद्धा वाढून देतोय. एवढा गोड तो कधी नव्हता. घातलाय ना घोळ?”

तिला नवऱ्याचं सांगणं आठवलं. पण खोटं रचायचंही त्राण नव्हतं.

“हो आई. घातलात.”

“मोठा?”

“वर्षाचा.”

सासूबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मग ओरडायचंस तरी गं मला.”

“ओरडायला जीव कुठाय आई.”

“सासूवर ओरडायची संधी आयुष्यात एकदा मिळते,” सासूबाई म्हणाल्या, “तीही घालवलीस.” तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मग दोघी टबांत कोबीची पानं सोडत बसल्या.

सोमवारी ती सरांना म्हणाली, “सही नको सर. पुढच्या वर्षाला पुन्हा नाव घालते.”

“शाळा?”

“खाली जाईन.”

ती निघाली तेव्हा सर खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. आजवर ते कधी उठले नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडली. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंना तिने वरची प्रयोगशाळा दाखवली. कुठला गॅसचा दिवा पेटताना अडतो, कुठल्या कपाटाचं दार जपून ओढायचं, ते सांगितलं. नव्या बाई तिच्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या लहान होत्या आणि फार घाबरलेल्या होत्या. “मला जमेल ना हो?” त्यांनी विचारलं. “जमेल,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी प्रयोग करू नका. नुसतं बोला त्यांच्याशी.”

मग ती जिना उतरून खाली आली. वर्गात मुलं आधीच येऊन बसली होती. एक रडत होतं, दोघं एकमेकांचा डबा ओढत होते. तिला पाहून सगळे गप्प झाले. तिने खडू घेतला. फळा मुलांच्या हाताला पोचेल असा खाली लावलेला होता. ती कमरेत वाकली, आणि वाकूनच, नेहमीच्या वळणदार अक्षरात, तिने आजच्या वारापासून लिहायला सुरुवात केली.