पुन्हा पुन्हा दाबलेलं बटण

पाण्याच्या टाकीवरचे ऑपरेटर घायकुतीला आले होते. साहेबांना वर्षभराचा अहवाल हवा होता, म्हणून ऑपरेटरांनी कॉम्प्युटरला हिशेबाला लावलं आणि स्क्रीन गोठून पांढुरकी झाली. तेवढ्यात क्लोरीनचा डोस द्यायची वेळ झाली. त्यांनी स्क्रीनवरचं डोसचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग चिडून दाबतच राहिले. शेवटी त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला. प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता.

"अगं, तुझा प्रोग्रॅम रुसलाय. डोसचं बटण दाबून बोट दुखायला लागलं."

पलीकडून तिने विचारलं, "बाबा, किती वेळा दाबलंत?"

"मोजतंय कोण?"

"नीट ऐका. तो रुसला नाही, हिशेबात गुंतलाय. तुमचं प्रत्येक क्लिक रांगेत उभं आहे. हिशेब संपला की सगळे डोस एकामागून एक टाकीत जातील. आधी कॉम्प्युटर बंद करा."

साहेब खुर्चीमागेच उभे होते. "बंद केलात तर सकाळपासूनचं काम पाण्यात. जरा थांबू."

ऑपरेटरांचा हात घुटमळला आणि स्क्रीन उजळली. अहवाल झळकला. खालच्या खोलीतून क्लोरीनच्या पंपाचा ठोका ऐकू आला. लगेच दुसरा.

फोन तसाच टाकून ते जिना उतरले. दुखऱ्या गुडघ्याचं भानही राहिलं नाही. टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह गच्च बसला होता. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे वळला. मागून धापा टाकत साहेब आले आणि त्यांनी पंपाचा मेन स्विच ओढला.

तपासणीत क्लोरीन जास्त निघालं. टाकी रिकामी करावी लागली, पुरवठा संध्याकाळवर गेला. पण ते पाणी कुणाच्या घरात पोचलं नाही.

दुपारी मुलगी आली. "मीच आळस केला, बाबा. हिशेब करायचा आणि तुमचं ऐकायचं, दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात घातली."

"चुकलंच तुझं," ते म्हणाले. "आता नीट कर."

तिने हिशेब मागच्या बाजूला वेगळा चालवला. किती काम झालं ते दाखवणारी पट्टी आणली, शेजारी 'थांबवा' असं बटण ठेवलं. एक डोस पुरा होईपर्यंत दुसरा मागताच येणार नाही, अशी सोय केली.

ऑपरेटरांनी अहवाल पुन्हा लावला. पट्टी सरकू लागली. त्यांनी 'थांबवा' दाबलं. ती जागच्या जागी थांबली.

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.