मॉडेलमधलं दुकान

त्या वर्षी आमच्या शहराला वेड लागलं होतं. एका बड्या कॉम्प्युटर कंपनीला नवी कचेरी थाटायची होती, आणि ती कुठे थाटायची हे ठरवायला तिने चक्क शहरांची शर्यत लावली होती. कोण जास्त जागा देतं, कोण जास्त कर माफ करतं, कोण किती वाकतं. आमच्या महापौरांनी कंबर कसली ती वाकण्यासाठीच. शहरातल्या बसगाड्यांना कंपनीचा जांभळा रंग फासला. शाळेतल्या मुलांना मैदानात उभं करून कंपनीच्या चिन्हाचा आकार करायला लावला आणि वरून फोटो काढला. आमच्या शेजारच्या चष्मेवाल्याची मुलगी त्या चिन्हाच्या शेपटीत उभी राहून तापाने फणफणली. ज्या महापालिकेला आमच्या गल्लीतला दिवा बदलायला कधी सवड झाली नाही, तिने कंपनीसाठी पायघड्या घातल्या. पायघड्या कुणाच्या अंगावरून जाताहेत, ते बघायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

त्या आमच्या अंगावरून जात होत्या. जुन्या गोदामांमागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. जुन्या खुर्च्या, सोफे, डॉक्टरांकडची तपासायची टेबलं, नाट्यगृहातल्या फाटक्या सीटा असं काय काय आमच्याकडे यायचं. नवरा आतल्या स्प्रिंगा बांधायचा, काथ्या भरायचा, मी वरची कव्हरं शिवायची. जागा महापालिकेची, आम्ही भाडेकरू. कंपनीला जागा हवी होती ती मोकळी, आणि शहराच्या मधोमध मोकळी करता येईल अशी जागा म्हणजे आमची गल्ली. नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत जो लेखी संमती देईल त्याला शहराबाहेरच्या नव्या मार्केटात गाळा, जो देणार नाही त्याला काही नाही. गोष्ट एवढी सरळ होती. लहान मूलसुद्धा सही करून मोकळं झालं असतं.

आम्ही केली नाही, आणि त्याला कारण माझा दीर.

दीर महापालिकेच्या मॉडेलखान्यात कामाला. पूल असो, बाग असो, बांधण्याआधी त्याचं लाकडाचं आणि पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करायचं, हे त्याचं काम. येता-जाता प्रत्येक वस्तूचं माप काढत बसायचा म्हणून घरात आम्ही त्याला मोजपट्टी म्हणायचो. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवला माझ्या नवऱ्याने, तोही दुकानातच. आमच्या उरलेल्या रेक्झिनच्या तुकड्यांची घरं करत करत पोरगा मोठा झाला. भावाचा त्याच्यावर जीव इतका, की मोजपट्टीने रात्रीला दिवस म्हटलं असतं तर नवऱ्याने दुकानातला दिवा मालवला असता.

कंपनीला दाखवायचं मॉडेल मोजपट्टीकडे आलं तेव्हापासून तो घरी क्वचितच फिरकू लागला. दुसरी शहरं टपून बसलेली, बातमी फुटायला नको, म्हणून त्या कामावरच्या सगळ्यांकडून तोंड न उघडण्याचं लिहून घेतलं होतं. जेवायला आला तरी हवापाण्याचं बोलायचा आणि उठायचा.

त्याच सुमारास, जागा बघायला येणाऱ्या कंपनीच्या पाहुण्यांसाठी महापालिकेच्या सभागृहातल्या खुर्च्या आमच्याकडे आल्या. जुनं चामडं उतरवा, जांभळं कापड चढवा. आमचं दुकान पाडायला निघालेल्या लोकांच्या बुडाखाली आम्हीच मऊ गाद्या भरल्या. मी हे बोलून दाखवलं, तर नवरा म्हणाला की खुर्चीने कुणाचं काय वाकडं केलंय, काम चोख व्हायला पाहिजे.

खुर्च्या पोचवायला तो सभागृहात गेला तेव्हा कोपऱ्यात चादरीखाली मॉडेल झाकून ठेवलेलं होतं. शिपाई पाणी आणायला गेला तेवढ्यात याने चादरीचं टोक उचललं. तसाच दुकानात परतला. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, आपलं दुकान राहतंय.

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या खेपेला मीही त्याच्याबरोबर गेले आणि पाहिलं. हिरवीगार हिरवळ, काचेच्या उंच इमारती, बोटाएवढी झाडं. आमच्या गल्लीतलं एक दुकान शिल्लक नव्हतं. चष्मेवाला नाही, कुलपं दुरुस्त करणारा नाही, कुणी नाही. फक्त मोठ्या फाटकाच्या बाजूला आमचं दुकान. तोच पिवळा बोर्ड, दारात ठेवलेली ती खुर्ची, पायरीचा तुटका कोपरासुद्धा. नखाएवढं होतं, पण आमचंच होतं. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तरी घरी आल्यावर मी म्हटलं, मोजपट्टीला फोन लावून विचारून घे. नवरा माझ्यावर उखडला.

"त्याने लिहून दिलंय ना? त्याची नोकरी घालवायचीय तुला? तोंडाने सांगता येत नाही म्हणून बिचाऱ्याने हाताने सांगितलंय."

 खरंच वाटलं मला ते. आमच्या घरात कुणी कुणाला तोंडाने काही सांगतच नाही. नवऱ्याने मला आयुष्यात कधी चार गोड शब्द ऐकवले नाहीत, पण माझ्या शिवणाच्या खुर्चीची गादी दरवर्षी न सांगता नवी होते. धाकटा भाऊ त्याच वळणावर जाणार, यात नवल ते काय.

मध्ये एकदा मोजपट्टी जेवायला आला. मी विषय काढणार, तेवढ्यात नवऱ्याने डोळे वटारले. जाताना चपला घालता घालता दीर म्हणाला, "दादा, सगळं नीट होतंय ना तुमचं?" नवरा म्हणाला, "तू असताना मला कसली काळजी?" पोरगा लाजला, हसला आणि गेला. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, मिळाली ना खात्री.

गल्लीतल्या सगळ्यांनी संमती दिली. चष्मेवाला आमच्याकडे पुन्हापुन्हा आला. म्हणाला, अहो, हट्ट करू नका, शेजारी-शेजारी गाळे मागून घेऊ. नवरा नजर चुकवून काहीतरी पुटपुटत राहिला. आपण एकटेच वाचणार, हे सांगायची त्याला लाज वाटत होती. चष्मेवाला समजला की आम्ही शहाणपणा करतोय, आणि त्याने बोलणं टाकलं. महिना संपला.

पाहुणे आले, आमच्या खुर्च्यांवर बसले, मॉडेलभोवती फिरले, मान डोलावली आणि गेले. त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. पण मोकळ्या जागेला जास्त गुण आहेत म्हणे, म्हणून आयुक्तांनी निकालाची वाटही न पाहता बुलडोझर पाठवला. आमच्या दारात आला तो अधिकारी पंचवीस वर्षांचाही नसेल. तुमची संमती आलेली नाही, गाळा नाही, सामान बाहेर काढा, म्हणाला. नवरा त्याच्याकडे बघून चक्क हसला.

"साहेब, तुमची गफलत झालीय. एकदा जाऊन तुमचंच मॉडेल बघा. फाटकाच्या बाजूला."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, वेड्याच्या बायकोकडे पाहतात तसं. मी मोजपट्टीला फोन लावत होते. तो मॉडेल घेऊन महापौरांबरोबर कंपनीच्या मुख्य कचेरीत गेला होता आणि फोन बंद होता. दुपारपर्यंत स्प्रिंगांची वेटोळी, काथ्याचे ढीग आणि माझं शिवणयंत्र रस्त्यावर आलं. नवरा भिंत पडेपर्यंत सांगत होता की कुणाची तरी चूक झालीय, धाकटा आला की बघून घेईल.

निकाल लागला. कंपनीने आमचं शहर निवडलं नाही आणि शर्यतीतलं दुसरंही कुठलं निवडलं नाही. ती जिथे होती तिथेच राहिली. बाकीच्या शहरांचे प्रस्ताव दाखवून तिने आपल्याच शहराकडून हव्या तेवढ्या सवलती पिळून घेतल्या, आणि बाकी सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. आमचे महापौर म्हणाले, स्पर्धेत भाग घेतला हाच आपला विजय. आमच्या गल्लीच्या जागी पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. आत गवत वाढतंय.

नवरा आता एका मोठ्या फर्निचरच्या शोरूममागच्या गोदामात काम करतो. तिथे स्प्रिंगा बांधत नाहीत. फोमचा ठोकळा ठेवायचा, वर कापड ओढायचं आणि मशीनने पिना मारायच्या. तो सांगतो, सोपं काम आहे. संध्याकाळी घरी येतो आणि हात मांडीवर ठेवून बसून राहतो.

परतल्यावर कित्येक दिवसांनी मोजपट्टी आमच्या भाड्याच्या खोलीवर आला. धापा टाकतच आला. आम्ही नव्या मार्केटात असणार असं तो धरून चालला होता. तिथे शोधायला गेला, तेव्हा चष्मेवाल्याने सांगितलं की आम्ही गाळा घेतलाच नाही.

"दादा, का नाही घेतलास? सगळ्यांना मिळत होता."

 मीच सांगितलं की आम्ही सभागृहात मॉडेल पाहिलं होतं, त्यात आपलं दुकान होतं. वाटलं, आता चेहरा उतरेल याचा. तर तो खुलला.

"तुम्ही पाहिलंत, वहिनी? सापडलं तुम्हाला? अहो, मॉडेलवर आमचं नाव घालू देत नाहीत. म्हणून आमच्यातला प्रत्येकजण कुठेतरी आपली खूण लपवतो. कुणी मांजर बसवतो, कुणी सायकल. मी आपलं दुकान ठेवतो. पहिल्यापासून, प्रत्येक मॉडेलमध्ये. सांडपाण्याच्या प्रकल्पातसुद्धा आहे, टाकीच्या मागे. आजवर एकाही साहेबाला दिसलेलं नाही."

तो हसत होता.  माझ्या जिभेवर आलं होतं, की अरे, तुझ्या त्या नखाएवढ्या दुकानापायी आमचं खरं दुकान गेलं. मी तोंड उघडलं. नवऱ्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कुणादेखत त्याने माझा हात कधी धरला नव्हता.

"मार्केट लांब पडतं रे," तो भावाला म्हणाला. "रोज कोण जाणार तिकडे? आता होत नाही माझ्याच्याने. नोकरी बरी आहे."

मोजपट्टीला ते पटलं. भावाचं काय पटत नाही त्याला? मग त्याने खिशातून पेढ्यासारखी बातमी काढली. त्याचं मॉडेल दुसऱ्या एका शहराच्या लोकांना आवडलं होतं. आता आणखी कुठल्याशा कंपनीने शर्यत लावलीय, आणि त्या शहराने त्याला जास्त पगारावर बोलावलंय. तिथेही नदीकाठची एक जुनी वस्ती मोकळी करायचं ठरतंय. काम मोठं आहे, नाव होईल.

"आणि दादा, तिथेही आपलं दुकान ठेवणार मी. या वेळी जरा मोठं."

 नवरा म्हणाला, "रस्त्याच्या कडेला ठेव. गिऱ्हाईकाला दिसलं पाहिजे."

मी उठून चुलीशी गेले. मला ओरडायचं होतं. मोजपट्टीवर, नवऱ्यावर, महापौरांवर, त्या जांभळ्या रंगावर. आणि त्या नदीकाठच्या बायकांना सांगायचं होतं की मिळेल त्या कागदावर सही करा आणि निघा. पण त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. मी चहाला आधण ठेवलं. माझ्यामागे खोलीत दोघे भाऊ दुकानाचं दार किती उंच असावं ते ठरवत होते.