ग्विलिम रीस यांचं शेवटचं प्रकरण

सिंगापुरात नोव्हेना भागातल्या एका इस्पितळात मैत्रेयी स्पीच थेरपिस्ट होती. स्ट्रोकने वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं रोजचं काम. सातव्या मजल्यावरचे ग्विलिम रीस मात्र बोलायचे थांबतच नव्हते. त्यांच्या फायलीत नोंद होती, असंबद्ध बडबड.

दोन आठवडे मैत्रेयीही तेच धरून चालली. ती इंग्रजीत काही विचारायची आणि ते डाव्या हाताने चादरीवर ताल धरून भलतंच काही सांगत राहायचे. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की हा माणूस वाक्याच्या शेवटी नेमका थांबतो, श्वास घेतो आणि पुढचं वाक्य उचलतो. बडबड अशी नसते.

तिने त्यांच्या मुलीला विचारलं. कॅरिस बँकेत नोकरीला होती, चोआ चू कांगला राहायची. आई गेल्यावर वडिलांना तिनेच इथे आणलं होतं. ती म्हणाली, की ती वेल्श भाषा असणार. बाबांनी वेल्समध्ये चाळीस वर्षं रेडिओवर काढली होती. सकाळी त्यांचा कार्यक्रम लागला, की गोठ्यातली, दुकानातली माणसं हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायची. पुस्तकं नऊ लिहिली, सगळी वेल्शमध्ये. आई इंग्रज, त्यामुळे घरात इंग्रजीच.

"सगळ्या मुलखाशी ते त्या भाषेत बोलले," कॅरिस म्हणाली. "फक्त माझ्याशी नाही. त्यांचं एकही पुस्तक मला वाचता येत नाही."

स्ट्रोकने त्यांची इंग्रजी पुसून टाकली होती आणि वेल्श तेवढी मागे ठेवली होती. मैत्रेयीने वेल्श येणारं माणूस शोधायला सुरुवात केली. सिंगापुरात दोघांची नावं कळली, पण दोघंही केव्हाच देश सोडून गेले होते. शेवटी कॅरिसला वडिलांच्या रेडिओवरच्या जुन्या सहकारी, एलिनेदबाई, यांचा ईमेल पत्ता सापडला. कॅरिसला विचारून मैत्रेयीने शुक्रवारी रीस यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. वीस मिनिटांनी पुढच्या पेशंटची वेळ झाली, तेव्हा तिने फोन बंद केला. ते बोलतच होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ती हसली आणि निघाली. रेकॉर्डिंग तिने त्याच संध्याकाळी एलिनेदबाईंना पाठवलं.

रविवारी त्यांना दुसरा स्ट्रोक आला. होती नव्हती ती वाचाही गेली.

एलिनेदबाईंचं उत्तर सोमवारी आलं. मैत्रेयीने ते कॅरिससोबतच वाचलं. ग्विलिम आपलं दहावं पुस्तक, आत्मचरित्र, तोंडी सांगताहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मध्येच ते पाच वेळा विचारतात, लिहून घेताय ना? समोरची बाई मान डोलावते, असं तेच म्हणतात; म्हणून त्यांना वाटतंय की कुणीतरी लिहून घेतंय. रेकॉर्डिंग संपतं तिथे त्यांची मुलगी नुकतीच जन्मली आहे. 'तिच्याशी मी माझ्या भाषेत का बोललो नाही, ते आता सांगतो,' असं ते म्हणतात. पुढचा भाग लवकर पाठवा, असं एलिनेदबाईंनी शेवटी लिहिलं होतं.

मैत्रेयी खुर्चीत बसली. मान ती रोजच डोलवायची. पेशंटला धीर येतो, असं शिकवलं होतं.

"पुढचं आहे?" कॅरिसने विचारलं.

"नाही. मी बंद केलं."

कॅरिस रागावली असती तर मैत्रेयीला बरं वाटलं असतं. ते पुन्हा बोलतील का, एवढंच तिने विचारलं. मैत्रेयीने खरं ते सांगितलं, की आशा फार थोडी आहे.

एलिनेदबाईंनी वीस मिनिटांचा मजकूर वेल्शमध्ये उतरवून पाठवला होता. कॅरिसने तो फोनवर उघडला आणि ती वडिलांच्या कॉटजवळ बसून मोठ्याने वाचायला लागली. अर्थ कळत नव्हता, उच्चार येत नव्हते. अडखळत, एकेक अक्षर लावत ती वाचत होती. रीस टक लावून तिच्या ओठांकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आपलं पुस्तक ओळखीचं वाटलं म्हणून, की ते असं मोडकंतोडकं ऐकवत नव्हतं म्हणून, हे मैत्रेयीला सांगता येईना. कॅरिसने थांबून तिच्याकडे पाहिलं. वाचू का पुढे, असं तिला विचारायचं होतं. मैत्रेयी सवयीने मान डोलवणार होती, ती थांबली.