मैनेचा खुराक

दौलताबादच्या कडूबाची घोडी मैना वरातीला उभी राहिली, की नवरदेवाकडं कुणी बघत नाही, असं लोक म्हणायचे. लोक आपणहून म्हणायचे, का कडूबाच त्यांना म्हणायला लावायचा, हा वेगळा मुद्दा. पण घोडी होती खरीच देखणी. पांढरीशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांची, ताशाच्या ठेक्यावर चारी पाय नाचवणारी. अशा मैनेनं एक दिवस हरभऱ्याचं घमेलं निम्मं टाकून तोंड फिरवलं, आणि कडूबाचंही जेवणावरचं मन उडालं.

दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर त्यानं सुपारी परत केली असती. पण हे लग्न घरचं होतं. लेक संस्कृती दहा वर्षांची असताना त्यानं सारंगखेड्याच्या बाजारातून मैना आणली, आणि त्याच दिवशी लेकीला शब्द दिला होता, की तुझ्या लग्नात नवरा पायी येईल, घोडीवर तू बसशील. आता लग्नाला सहा आठवडे उरले होते आणि मैना खोगिराचा तंग आवळला की कान पाडून चावायला बघायची. उगाच जांभया द्यायची, दात करकर वाजवायची. अंगावरची तकाकी गेली होती. अशा घोडीवर नवरी बसवायची कशी?

सल्ले द्यायला अर्धं गाव येऊन गेलं. शेजारचा नवाब खोगीर शिवायचा, तो कडूबाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं आपल्या आजोबांच्या नुस्ख्याचं चूर्ण आणलं, सुंठ, मिरी, ओवा, काळं मीठ घालून. होणारा जावई सुदर्शन चिकलठाण्याच्या कंपनीत नट-बोल्ट तपासायचा. त्यानं मोबाईलवरून मागवलेला, घोड्याच्या पोटाच्या पावडरीचा निळा डबा पाठवला, त्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. कडूबाचा स्वतःचा भरवसा तूप-गुळावर. सगळं गोठ्यातल्या फळीवर मांडलेलं. रोज सकाळी कडूबा त्या फळीपुढं डोकं खाजवत उभा राहायचा, काय द्यावं ते ठरेना म्हणून तिन्ही थोडं थोडं द्यायचा, आणि मैना ते सोडून गव्हाणीचं लाकूड कुरतडायची.

शेवटी संस्कृतीनं बापाला न विचारता जनावरांच्या डॉक्टर अमृताला बोलावलं. डॉक्टर संस्कृतीच्याच वयाची. ही काय घोडी बघणार, असं कडूबाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिनं मैनेच्या पोटाला कान लावला, हिरड्या पाहिल्या, खाण्यापिण्याचं बारीकसारीक विचारलं, आणि मग वरातीच्या दिवशी घोडी काय खाते, असं विचारलं.

कडूबाची छाती फुगली. "काय बी नाय. सकाळपासून तोबरा बंद. म्हणून तर चौदा वर्षांत माझ्या घोडीनं वरातीत लीद टाकली नाय. लासूर स्टेशनापर्यंत इचारा कुणाला बी."

डॉक्टरनं मैनेच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाली, "काका, घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत राहतं. खाल्लं तरी सुटतं, न खाल्लं तरी सुटतं. चारा नसला की ते पोटालाच जाळतं. हिच्या पोटात जखमा झाल्यात, मला तरी तसंच दिसतंय. तुम्ही तिला उपाशी नाचवलंत."

नवाबनं चूर्ण पुढं केलं. डॉक्टरनं हुंगलं आणि तीन शिंका दिल्या. हे जखमेवर मिरची टाकल्यासारखं होईल, तुम्हीच खा, असं तिनं सांगितलं, आणि नवाबनं ते मनावर घेतलं. निळ्या डब्यावरचं तिनं सगळं वाचून काढलं. डबा वाईट नव्हता, पण असले डबे झालेली जखम भरत नाहीत. जखम औषधानं भरेल, महिनाभर रोज द्यायचं. डबा त्यानंतर, पुन्हा होऊ नये म्हणून. गूळ बंद, हरभरे कमी. सगळ्यांत मोलाचा खुराक म्हणजे लसूण घास, कारण त्यातल्या कॅल्शियमनं आम्लाचा जोर उतरतो. कामाला नेण्याआधी तो पोटात गेलाच पाहिजे.

डॉक्टर गेली आणि कडूबा बाजेवर पडून राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की कडूबाला राग यायचा. कालची पोर मला घोडी शिकवती, असं तो दिवसभर पुटपुटत होता. औषध संस्कृतीच्या हातून चालू झालं, पण घास आणायला कडूबा काही उठेना. वरातीआधी घोडीला खाऊ घालणं म्हणजे चौदा वर्षांच्या नावावर पाणी सोडणं. बायको गीताबाईनं समजावलं, नवाबनं समजावलं. कडूबा कूस बदलून भिंतीकडं तोंड करायचा.

मग संस्कृतीनं सुदर्शनला मेसेज धाडला, की रविवारी येताना मैनेसाठी लसूण घास आण, दिवसातून तीनदा थोडा थोडा द्यायचाय.

लसूण घास हा गुरांचा हिरवा चारा, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सुदर्शन वाढला तिसऱ्या मजल्यावर. त्यानं सरळ लसणाचे घास असा अर्थ लावला.

रविवारी तो मोटारसायकलवरून उतरला तो डोळे लाल आणि बोटांना पट्ट्या. मोठ्या स्टीलच्या डब्यात पाच किलो सोललेला लसूण. तोही मोकळा नाही. कंपनीत तपासणीची सवय असलेला माणूस तो, त्यानं मोजून पुड्या केल्या होत्या, प्रत्येकीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहून. आईनं आणि शेजारच्या दोन काकूंनी हात लावला, पण निम्मा मी सोललाय, असं तो संकोचानं म्हणाला.

'सकाळ' लिहिलेली पुडी त्यानं मैनेपुढं धरली. मैनेनं वास घेतला, वरचा ओठ आभाळाकडं उचलला आणि सगळे दात दाखवून तशीच उभी राहिली.

गीताबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. कडूबा बाजेवरून उठला, पुडी उलटीसुलटी करून पाहिली, जावयाची बोटं पाहिली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं हसण्याचं नव्हतं. ज्यानं आयुष्यात घोडीला हात लावला नव्हता त्यानं तिच्यासाठी बोटं भाजून घेतली होती, आणि कडूबा स्वतः एका पेंढीसाठी अडून बसला होता. त्यानं पायांत वहाणा सरकवल्या, सुदर्शनला चल म्हणाला, आणि वाटेनं त्याला घास म्हणजे काय ते बांधावर उभं करून दाखवलं. दोघं परतले ते डोक्यावर एकेक भारा घेऊन.

मैनेनं पहिली पेंढी हळूहळू चघळली. आठवड्यानं तिनं भारा कुठं ठेवलाय ते शोधून काढलं. महिना संपता संपता तंग आवळताना ती कान ताठ ठेवून उभी राहू लागली. डॉक्टरनं येऊन हात फिरवला आणि निळा डबा चालू करायला सांगितला. कडूबानं तिला लग्नाची पत्रिका दिली, शिवाय स्वतः न्यायला येतो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी संस्कृती फेटा बांधून मैनेवर बसली. निघण्याआधी कडूबानं सगळ्यांसमोर घोडीला पोटभर घास घातला. कार्यालयाच्या दारात, अगदी लाल गालिच्यावर, मैनेनं करायचं ते केलं. तुतारीवाला उडी मारून बाजूला झाला. पाहुणे खिदळले, आणि नवाबनं हळूच कडूबाकडं पाहिलं. कडूबा अभिमानानं म्हणाला, "पोट साफ हाय तिचं."

तेवढ्यात वरून संस्कृती वाकली. "आबा, मला चक्कर यायलीय. सकाळपासून पोटात काय नाय. अक्षता पडेपर्यंत नवरीनं खायचं नसतं म्हणं."

कडूबाचा चेहरा उतरला. मग त्यानं हात वर करून ताशा थांबवला, चक्क भटारखान्यात शिरला आणि शिरा-पुरीचं ताट घेऊन आला. ताट लेकीच्या हातात दिलं, घासाची पेंढी मैनेपुढं टाकली. म्हाताऱ्या आत्यानं रीतीची आठवण करून दिली. मुहूर्त टळेल म्हणून भटजींनी घड्याळ दाखवलं. बँडवाल्यानं येऊन विचारलं, वाजवू का.

"थांब जरा," कडूबा म्हणाला. "दोघींचं होऊ दे."